चालण्याची उमेद: ती कशी येते, कशी टिकते

चालणे हा सुरू करायला सर्वांत सोपा व्यायाम आहे आणि सोडून द्यायलाही. त्याला फी लागत नाही, प्रशिक्षक लागत नाही, वयाची अट नसते. पायांत बरे बूट असले की पुरते. तरीही जानेवारीत गजबजलेले उद्यानांतले ट्रॅक मार्च उजाडेपर्यंत विरळ होतात. रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टरांनी 'रोज चाला' असे बजावले की पहिले दोन आठवडे उत्साहात जातात. मग घरी पाहुणे येतात, सर्दी होते, ऑफिसात वर्षअखेरीची गडबड उडते, आणि चालणे जे सुटते ते सुटतेच.

चालणे चांगले हे न कळल्यामुळे असे होत नाही. ते कळत नाही असा माणूस सापडणे कठीण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. माहिती आणि कृती यांच्यामध्ये जे अंतर उरते, ते भरून काढण्याचे काम उमेदीचे. उमेद उपजत असावी लागते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग वेळ, जागा, सोबत आणि पहिल्या काही आठवड्यांचा अनुभव यांतून घडतो, आणि म्हणूनच तो घडवता येतो.

चालणे जेव्हा कामातच होते

१९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लंडनच्या डबलडेकर बसवर दोन माणसे एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, सारख्याच वेळा काम करत. ड्रायव्हर पाळीभर बसून असे; कंडक्टर तिकिटे देत दिवसभर जिना चढत-उतरत असे. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कमी आढळले, आणि ज्यांना तो झाला त्यांच्यातही तो तुलनेने सौम्य होता. शारीरिक हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांचा संबंध दाखवणारा हा पाया घालणारा अभ्यास मानला जातो. उमेदीच्या दृष्टीने त्यातली लक्षात घेण्याजोगी बाब अशी की त्या कंडक्टरांपैकी कोणालाही व्यायामाची प्रेरणा शोधावी लागली नव्हती. जिना नोकरीतच होता.

महाराष्ट्रातही दोन पिढ्यांपूर्वी अशीच स्थिती होती. विहिरीवरून पाणी आणणे, शेतावर जाणे, आठवडी बाजाराचे गाव गाठणे, शाळेसाठी शेजारच्या गावी जाणे हे सारे पायी होई. नळ, स्कूटर, लिफ्ट आणि घरपोच किराणा यांनी कष्ट वाचवले, आणि त्याबरोबर चालणेही गेले. गेलेले चालणे आता मुद्दाम दिवसात परत बसवावे लागते. 'मला इच्छाशक्तीच नाही' म्हणून स्वतःला दोष देण्याआधी हे ध्यानात घेतले की प्रश्न कसा सोडवायचा याची दिशा कळते: चालण्याला पुन्हा दिवसात अशी जागा द्यायची की रोज मनाशी झगडावे लागू नये.

किती चालले की पुरे

अनेकांची उमेद खचते ती उद्दिष्टच डोंगराएवढे ठेवल्यामुळे. रोज दहा हजार पावले हा आकडा आता घरोघरी ठाऊक आहे. तो एखाद्या वैद्यकीय प्रयोगातून आला असेल असे वाटते. पण त्याचा उगम जपानमधला आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तेथे चालण्याची लाट आली आणि १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, या नावाने कमरेला लावायचे यंत्र बाजारात आणले. आकडा सुटसुटीत होता, लक्षात राहणारा होता, म्हणून तो जगभर रुळला.

आरोग्याला लाभ त्याच्या बराच अलीकडे सुरू होतो. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सुमारे सतरा हजार वयस्कर अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत सुमारे ४४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी होते, आणि साधारण ७५०० पावलांनंतर त्यात आणखी फारशी घट दिसली नाही. तरुणांना थोडे अधिक चालणे हिताचे ठरू शकते. पण दहा हजार झाली नाहीत म्हणजे दिवस वाया गेला, हे खरे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची आहे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालले की खालची मर्यादा गाठली जाते. मध्यम श्रम ओळखायला उपकरण लागत नाही. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग असला की तो मध्यम. मोजूनच पाहायचे तर मिनिटाला सुमारे शंभर पावले. हा अर्धा तास सलग हवा असेही नाही. सकाळी पंधरा मिनिटे आणि रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे, हेही चालते. थोडी थोडी हालचालही मोजणीत धरावी, असे याच शिफारशीत स्पष्ट म्हटले आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांवर थांबावे. दहा मिनिटे इतकी थोडी वाटतात की ती टाळायला सबब सापडत नाही, आणि घरी परतताना 'अजून जमले असते' असे वाटते. ही शिल्लक राहिलेली हौसच दुसऱ्या दिवशी बाहेर काढते. पहिल्याच दिवशी तासभर चालून पोटऱ्या भरून आल्या की दुसऱ्या दिवशी शरीरच नकार देते.

दूरचा लाभ आणि आजचा लाभ

हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब यांपासून संरक्षण हे चालण्याचे मोठे लाभ. पण ते दहा-वीस वर्षांनी कळणारे. आणि संरक्षण मिळाले हे कधी जाणवतही नाही, कारण जो आजार झाला नाही तो दिसत नाही. भीती आणि दूरचा लाभ माणसाला बूट विकत घ्यायला लावतात; ते रोज घालायला लावणारे कारण आजच्या दिवसातलेच असावे लागते.

असे लाभ आहेत. जेवणानंतर चालले की स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात आणि जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. घरी ग्लुकोमीटर असलेल्या मधुमेहींना हे स्वतः पाहता येते. जेवणानंतर शतपावली घालण्याच्या जुन्या प्रथेला या अर्थाने शास्त्राचा आधार आहे. फक्त शंभर पावलांऐवजी दहा-पंधरा मिनिटे हवीत. नियमित चालणाऱ्यांची झोप सुधारते. चालून आल्यावर मन हलके होते, चिडचिड कमी होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ मध्ये झालेल्या प्रयोगांत, बसून विचार करण्यापेक्षा चालताना लोकांना अधिक नव्या कल्पना सुचल्या.

अडचण अशी की हा आनंद घरातून निघण्याआधी माणसाला कमी वाटतो. कॅनडातील कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना झाडांतून जाणाऱ्या वाटेने किंवा इमारतींना जोडणाऱ्या भुयारी मार्गाने चालायला सांगितले. बाहेरच्या वाटेने चालणाऱ्यांना जितके बरे वाटेल असा अंदाज आधी केला गेला, त्याहून प्रत्यक्षात खूपच अधिक बरे वाटले. अंथरुणातून 'आज नको' म्हणणारे मन असाच चुकीचा अंदाज करत असते. त्यावर उपाय म्हणजे चालून आल्यावर वहीत किंवा कॅलेंडरवर एक ओळ लिहून ठेवणे: झोप कशी लागली, गुडघा कसा होता, मन कसे होते. महिनाभराच्या या नोंदी मनाच्या सकाळच्या अंदाजापेक्षा विश्वासार्ह असतात.

वेळ, जागा आणि खूण

'उद्यापासून चालेन' हा निश्चय बहुधा मोडतो, कारण त्यात केव्हा आणि कुठे हे ठरलेले नसते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की हेतूला ठराविक प्रसंगाशी बांधले, म्हणजे 'अमुक झाले की मी तमुक करीन' असे ठरवले, की ते प्रत्यक्षात येण्याची शक्यता बरीच वाढते. निर्णय आधीच झालेला असतो. ऐन वेळी फक्त पाय उचलायचे असतात.

यासाठी घड्याळाच्या काट्यापेक्षा दिवसातली पक्की घटना उपयोगी पडते. शहरातल्या एखाद्या घरातली सकाळ पाहू. पाणी सहाला येते आणि सातला जाते. त्या वेळात पिंप, कळशा भरायच्या, कपडे भिजवायचे. साडेसातला डबे तयार हवेत. आठ वाजून दहा मिनिटांनी मुलांची रिक्षा येते. या घरातल्या गृहिणीने 'पहाटे साडेपाचला चालायला जाईन' असे ठरवले तर झोप तरी मोडते नाहीतर पाणी तरी चुकते, आणि आठवड्यात बेत बारगळतो. तेच 'मुलांना रिक्षात बसवले की वर न येता फाटकातूनच पुढे जायचे' असे ठरवले, तर चप्पल घालून खाली उतरण्याऐवजी बूट घालून उतरावे लागते, एवढाच काय तो बदल. ती आधीच कपडे बदलून, केस बांधून, फाटकापाशी उभी असते. जिना पुन्हा चढला की ओट्यावरची भांडी दिसतात आणि दिवस घरात ओढून घेतो. म्हणून 'वर न येता' हे शब्द त्या बेताचा कणा आहेत.

नोकरदाराला बस एक थांबा आधी सोडणे, स्टेशनपर्यंत रिक्षा न करणे, जेवणाच्या सुट्टीत इमारतीला दोन फेऱ्या मारणे असे मार्ग असतात. या चालण्याला वेगळी वेळ काढावी लागत नाही, म्हणून ते टिकते. महात्मा गांधींनी आत्मचरित्रात लिहिले आहे की मोकळ्या हवेत चालण्याचे फायदे पुस्तकांत वाचून त्यांनी शाळेत असतानाच फिरण्याची सवय लावून घेतली. पुढे लंडनमध्ये विद्यार्थी असताना भाड्याचे पैसे वाचवण्यासाठी ते कामाच्या ठिकाणी पायी जाऊ लागले. त्यात रोज आठ-दहा मैलांची, म्हणजे तेरा ते सोळा किलोमीटरची चाल होई, आणि इंग्लंडमधल्या मुक्कामात आपली प्रकृती चांगली राहिली याचे श्रेय ते मुख्यतः या चालण्याला देतात. ते चालणे काटकसरीचाच भाग होते, म्हणून ते रोज घडले.

सवय मुरायला लागणारा काळ

'एकवीस दिवसांत सवय लागते' असे सर्रास म्हटले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. रोजच्या दिनक्रमात एक नवी चांगली गोष्ट घालून ती आपोआप होऊ लागेपर्यंत लागणारा काळ साधारणपणे ६६ दिवस होता. पण माणसागणिक तो १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला अधिक वेळ लागला.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तीन आठवड्यांनंतरही रोज मनाला ढकलावे लागत असेल तर त्यात बिघडलेले काही नाही. दोन-तीन महिने तरी असे धरून चालावे. आणि याच अभ्यासात, मधे एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही. अडचण होते ती एका चुकलेल्या दिवसाला हार समजून बाकीचे दिवसही सोडून देण्यामुळे. 'लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत' हा साधा नियम इथे कामी येतो.

सोबतीचे बळ

खाली कोणी वाट पाहत उभे असेल तर अंथरूण सोडणे सोपे जाते. पुण्यातल्या तळजाई आणि वेताळ टेकडीवर, दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती, कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी, पणजीजवळ मिरामारला सकाळी जे घोळके दिसतात, त्यांतले कित्येक जण एकमेकांसाठी येतात. एखादा दोन दिवस दिसला नाही तर फोन जातो. चालून झाल्यावर चहा होतो, वाढदिवस साजरे होतात. चालण्याबरोबर ओळख आणि विचारपूस मिळते, आणि निवृत्तीनंतर तिची किंमत फार मोठी असते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या प्रसिद्ध सिद्धांतानुसार माणसाची प्रेरणा टिकते ती तीन गरजा भागल्या की: आपल्या मर्जीने करत आहोत ही भावना, आपल्याला जमते आहे हा अनुभव आणि माणसांशी जोडले जाणे. चालणाऱ्यांच्या चांगल्या गटात तिन्ही भागतात. वाईट गटात मात्र वेगवान लोक मागच्यांना टोकतात आणि मागे पडणारा येणे सोडतो. म्हणून वेगाने सारखा असलेला एखादाच सोबती मोठ्या घोळक्यापेक्षा कधीकधी बरा.

सोबतीचे बळ किती असू शकते याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण आषाढी वारी आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी असे मुक्काम करत अडीचशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर कापून पंढरपूरला पोचते. सत्तरीतल्या, एरवी गुडघ्यांची तक्रार करणाऱ्या बायाही पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा मोठा टप्पा एका दिवसात पार करतात. वारीचे अधिष्ठान भक्ती आहे आणि व्यायाम हा तिचा हेतू नव्हे. पण तिची रचना चालणाऱ्याला सांभाळणारी आहे हे खरे. निघण्याची तिथी ठरलेली असते. प्रत्येकाची दिंडी ठरलेली, दिंडीतली माणसे ओळखीची. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावले पडतात. मधे विसावा असतो, संध्याकाळी मुक्काम असतो, आणि आजच्या दिवशी फक्त आजच्या मुक्कामापर्यंतच चालायचे असते. ठरलेली वेळ, ओळखीची माणसे, ठेका आणि छोटा टप्पा, या चारही गोष्टी रोजच्या अर्ध्या तासालाही लागू पडतात.

मोजणे आणि गोडी

पावले मोजल्याने चालणे वाढते. २००७ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात, पाऊलमापक वापरणाऱ्यांच्या चालण्यात दिवसाला दोन हजारांहून अधिक पावलांची भर पडल्याचे दिसले. त्यातही आकड्याचे उद्दिष्ट ठरवलेले असणे महत्त्वाचे ठरले. हल्ली मोबाइलच हे काम करतो. आधी आठवडाभर नेहमीसारखे वागून सरासरी काढावी आणि मग त्यात हजार पावले मिळवावीत. तेवढी महिनाभर जमली की आणखी हजार. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना न करता स्वतःच्या गेल्या महिन्याशी केली तर 'जमते आहे' ही भावना टिकते.

आवडीची गोष्ट चालण्याला जोडून ठेवणे हाही परिणामकारक उपाय आहे. केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात, गुंतवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या फक्त व्यायामशाळेतच ऐकायला मिळतील अशी व्यवस्था केल्यावर लोक तेथे अधिक वेळा जाऊ लागले. सुट्ट्यांनंतर मात्र तो परिणाम ओसरला. म्हणून ही आवडीची गोष्ट अधूनमधून बदलत राहावी: कधी नाट्यसंगीत, कधी एखादे बोलके पुस्तक, कधी बहिणीशी फोन. वाटही बदलावी. रविवारी टेकडी, बुधवारी भाजी मंडईपर्यंतची पायपीट. रहदारीत मात्र कानातले यंत्र काढून ठेवावे.

खऱ्या अडचणी

काही अडचणी मनाच्या नसतात, रस्त्यावरच्या असतात, आणि त्या व्यवस्थेनेच सुटतात. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर दिवसच्या दिवस बाहेर पडता येत नाही. इमारतीचा झाकलेला वाहनतळ, लांब व्हरांडा, मंदिराचा सभामंडप यांपैकी एक जागा जूनच्या आधीच हेरून ठेवावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास किंवा रात्री उशिरा चालावे. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे आणि अंधारात फिकट कपडे घालावेत. भटक्या कुत्र्यांची किंवा छेडछाडीची भीती असेल तर ती भित्रेपणाची सबब समजू नये. वाट बदलणे, वेळ बदलणे, दोघी-तिघींनी मिळून जाणे हाच उपाय. स्त्रियांच्या वेळेचा प्रश्न बऱ्याचदा घरातच सुटायचा असतो. घरच्यांनी अर्धा तास पोळ्यांचा किंवा मुलांचा भार उचलला की तो वेळ मोकळा होतो.

शरीराकडूनही इशारे येतात. चालताना छातीत दुखणे, दडपण येणे, चक्कर येणे असे झाले तर थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. मधुमेहावर इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गोड गोळ्या-बिस्किटे ठेवावीत, आणि तळपाय रोज पाहावेत. गुडघे दुखणाऱ्यांनी चढाऐवजी सपाट, मऊ वाट निवडावी. गुडघ्यांच्या संधिवातातही बेताचे, नियमित चालणे बहुतेकांना मानवते. किती आणि कसे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

खंड पडल्यानंतर

आजारपण, लग्नकार्य, परीक्षा, बदली यांमुळे कोणाच्याही चालण्यात खंड पडतो. वर्षानुवर्षे चालणारे आणि दोन महिन्यांत सोडणारे यांच्यातला फरक ते पुन्हा सुरुवात कशी करतात यात दिसतो. खंडानंतर जुन्या अंतरापासून सुरुवात करू नये. पहिले तीन दिवस दहा मिनिटे, मग आठवडाभर वीस, मग पूर्वीसारखे. वेळ आणि वाट मात्र जुनीच ठेवावी, कारण त्या खुणा अजून ओळखीच्या असतात. सोमवार, महिन्याची पहिली तारीख, पाडवा, वाढदिवस अशा नव्या सुरुवातीच्या दिवशी निश्चय सहज होतो, त्याचा फायदा घ्यावा. पण तो दिवस लांब असेल तर त्याची वाट पाहू नये.

कारणेही काळानुसार बदलू द्यावीत. सुरुवातीला वजन कमी करण्यासाठी चालणारा माणूस वर्षभराने झोपेसाठी चालत असेल, पाच वर्षांनी मित्रांसाठी, आणि सत्तरीत स्वतःची कामे स्वतः करता यावीत म्हणून. वजनाचा काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणे विशेष नुकसानीचे, कारण नुसत्या चालण्याने वजन हळूच उतरते आणि हृदय, साखर, झोप यांना होणारा लाभ वजन न उतरताही मिळतो. सवय लागली याची खूण सोपी आहे. बाहेर पडायचे की नाही हा प्रश्न सकाळी मनात येईनासा होतो, आणि एखाद्या दिवशी जाणे राहिले तर काहीतरी करायचे राहून गेल्यासारखे वाटते. तिथपर्यंत पोचेस्तोवर वेळ ठरवणे, नोंद ठेवणे, सोबत धरणे ही सगळी मदत चालू ठेवावी. पोचल्यावरही तिच्यातली जी आवडली असेल ती सोडण्याचे कारण नाही.